लाव्याला हवी पायाखालची जमीन

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिरगावच्या खेतवाडीतील एका मोठ्या कुटुंबाच्या मुदपाकखान्यासाठी बाजारातून लावे आणि तितर जिवंत आणले जात, आणि त्या घरी मामाच्या आश्रयाने वाढणारा एक पोरका मुलगा त्यांतले काही पक्षी सुरीखाली जाण्यापूर्वी मागून घेऊन कामचलाऊ पिंजऱ्यात सांभाळीत असे. हा मुलगा म्हणजे पुढे भारतीय पक्षिशास्त्राचे आचार्य ठरलेले सलीम अली. १९०८ साली एका पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली, ही हकिगत बहुतेकांस ठाऊक असते; परंतु १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या बालपणीच्या या लाव्या-तितरांच्या पालनाचीही आठवण नमूद केली आहे. तेव्हा दक्षिण मुंबईच्या दाट वस्तीत घरी लावे पाळण्याच्या हौसेला शंभराहून अधिक वर्षांची, आणि तीही मोठी सन्माननीय, अशी पूर्वपीठिका आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

या चिमुकल्या पक्ष्याचा आपल्या वाङ्मयाशी असलेला परिचय तर त्याहूनही कितीतरी प्राचीन आहे. लांडग्याच्या जबड्यातून अश्विनीकुमारांनी सोडविलेल्या वर्तिकेचा उल्लेख ऋग्वेदात एकाहून अधिक वेळा येतो. एकजुटीने जाळ्यासकट उडून जाणाऱ्या लाव्यांची आणि आपल्या सत्यवचनाने वणवा थोपविणाऱ्या लाव्याच्या पिलाची कथा जातककथांत आहे. इंग्रजी अमदानीत अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी मार्शल यांच्या सहकार्याने १८७९ ते १८८१ या काळात शिकारीच्या पक्ष्यांवर जे तीन खंड प्रसिद्ध केले, त्यांत हिंदुस्थानातील लाव्यांचे सविस्तर वर्णन आहे. आणि ज्यांच्या खटपटीने १८८५ साली राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन गिरगावलगतच्या गवालिया टँक येथील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात भरले, ते ह्यूम हेच, ही गोष्ट राजकारणाच्या अभ्यासकांनाही पुष्कळदा माहीत नसते.

महाराष्ट्राच्या माळरानांत हिवाळी पाहुणा म्हणून येणारा मोठा लावा, पावसाळ्यात गवत वाढले की ज्याची शीळ ऐकू येते तो वर्षा लावा, झुडपांच्या आश्रयाने थव्याने वावरणारा जंगली लावा, असे अनेक प्रकार आढळतात. आणि या सर्वांहून लहान, जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम वजनाचा, नराची छाती निळसर असलेला जो लावा परदेशांतील हौशी लोक पिंजऱ्यात पाळतात व बाजारात ज्याला ‘बटन क्वेल’ म्हणतात, तोदेखील मुळात आपल्याच देशाच्या ओलसर गवताळ प्रदेशांतला रहिवासी आहे. नेमकी हीच गोष्ट हौशी मनुष्याने प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. सलीम अलींच्या बालपणी लावे बाजारात खुलेआम मिळत. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांनंतर भारतातील रानपक्षी पकडणे, विकणे अथवा बाळगणे हा गुन्हा आहे, मग तो पक्षी कितीही लहान असो आणि विक्रेता कितीही आर्जवी असो. १८६९ साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, परिसरात पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपुढे उभे राहिल्यावर मोह होतो हे खरे. तथापि समोरचा पक्षी रानातून धरलेला आहे की पिंजऱ्यातच जन्मलेला आहे याचा विश्वासार्ह दाखला जेथे मिळत नाही, तेथे पैशाच्या पाकिटाला हात न लावणे हेच शहाणपणाचे.

मग सामान्य गृहस्थाने पाळावा कोणता? याचे उत्तर जपानी लावा हे आहे. जपानात हा पक्षी कित्येक शतके केवळ त्याच्या आवाजासाठी पाळला जात असे. अंड्यांसाठी आणि मांसासाठी त्याची पैदास सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. दुसऱ्या महायुद्धात तेथील बहुतेक पाळीव वाण नष्ट झाले आणि युद्धानंतर उरल्यासुरल्या पक्ष्यांतून त्यांची पुन्हा जोपासना करावी लागली. आपल्याकडे १९७४ साली उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे शासकीय संशोधनासाठी तो आणला गेला आणि तेथून त्याचे पालन देशभर पसरले. रानातल्या लाव्याशी असलेल्या त्याच्या साम्यामुळे २०११ साली केंद्र सरकारने त्याच्या पालनावर निर्बंध घातले होते, परंतु पुढे हा पाळीव पक्षी असल्याचे मान्य होऊन त्याला मोकळीक मिळाली. त्यामुळे नोंदणीकृत उबवणी केंद्रातून पावती घेऊन आणलेला जपानी लावा हा कायद्याच्या दृष्टीने निर्वेध असा पाहुणा आहे. ती पावती मात्र जपून ठेवावी, कारण पिंजऱ्यातला पक्षी पाळीव की रानातला असा प्रश्न एखाद्या दिवशी कोणी विचारलाच, तर तोंडी खुलाशापेक्षा कागदाचे वजन अधिक पडते.

हा पक्षी अंतराळातही जाऊन आला आहे. २२ मार्च १९९० रोजी ‘मीर’ या अंतराळस्थानकावर जपानी लाव्याचे पिलू अंड्यातून बाहेर पडले आणि अवकाशात जन्म घेणारा पहिला पक्षी हा मान त्याने मिळविला. परंतु वजनरहित अवस्थेत त्या पिलांना पाय कोठे टेकावेत हे उमजेना, ती अधांतरी गरगरत राहिली आणि स्वतःहून दाणा टिपणे त्यांना जमेना. लाव्याच्या संपूर्ण जीवनाचे मर्म या एका प्रयोगात सामावलेले आहे. पोपट किंवा मुनिया यांना उंची लागते, बसावयास दांडी लागते. लावा दांडीवर बसत नाही. तो जमिनीवर चालतो, जमिनीवर टिपतो, जमिनीवरच अंडी घालतो आणि धुळीत लोळून आपली पिसे स्वच्छ करतो. त्याला हवी असते ती पायाखालची जागा, आणि मुंबईसारख्या शहरात नेमकी तीच सर्वांत महाग. नायगावच्या किंवा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत ज्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्यांनी संसार केले, तेथे पक्ष्यासाठी चौरस फूट मोजून देणे हा थट्टेचा विषय वाटेल. तरीही हा हिशेब केल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये.

व्यापारी पैदाशीत एका पक्ष्यास तळहाताएवढी जागा देऊन भागविले जाते. घरी हौसेने पाळणाऱ्याने तो कित्ता गिरवण्याचे कारण नाही. दर पक्ष्यामागे निदान दीड चौरस फूट जागा धरावी, म्हणजे एक नर व तीन माद्या यांच्यासाठी तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद असा पिंजरा यथायोग्य होतो. त्याचा तळ जाळीचा नसावा, कारण तारेवर सतत उभे राहून लाव्यांचे तळपाय सुजतात. फळीचा तळ करून त्यावर भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची दोन-तीन इंच जाड गादी पसरावी आणि एका कोपऱ्यात पसरट भांड्यात कोरडी बारीक वाळू ठेवावी. उंचीच्या बाबतीत या पक्ष्याची एक खोड विशेष लक्षात ठेवावी लागते: तो घाबरला की धावत नाही, बाणासारखा सरळ वर उसळतो. पिंजरा दोन-तीन फूट उंच असला तर या उसळीला पुरेपूर वेग मिळून डोके छतावर आपटते आणि कवटी फुटून पक्षी जागच्या जागी मरतो. म्हणून उंची एक तर दहा-बारा इंचच ठेवावी, म्हणजे उसळीला जोर येत नाही, नाहीतर माणूस उभा राहील एवढा उंच पिंजरा करावा. आणि दोन्ही प्रकारांत छताला आतून जाड कापड सैल ताणून बांधावे.

गिरगाव-लालबागच्या चाळीची गॅलरी ही पक्ष्यांसाठी उत्तम जागा आहे, मात्र तिच्यावर हक्क सांगणारे इतरही पुष्कळ असतात. मांजर जाळीतून पंजा घालते, घूस फळी कुरतडते, कावळा दिवसभर पाळत ठेवतो, आणि या तिघांहून अधिक घात मुंग्या करतात, कारण अंड्याला पहिली चीर पडताच त्या आत शिरतात. पिंजऱ्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत आणि जाळी अर्ध्या इंचाहून मोठ्या छिद्रांची घेऊ नये. पश्चिमेकडून येणारी पावसाची झड थेट आत येईल अशी जागा टाळावी, कारण ओली गादी हे लाव्याच्या बहुतेक आजारांचे माहेरघर आहे: तिच्यात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, तिच्यावरच्या बुरशीने फुप्फुसे बिघडतात आणि तिच्यातून सुटणाऱ्या अमोनियाच्या उग्र वासाने शेजारीही हैराण होतात. जून ते सप्टेंबर या काळात गादी दर दोन-तीन दिवसांनी बदलणे भाग पडते. नराची आरोळी लहान असली तरी तीक्ष्ण असते आणि ती पहाटेच सुरू होते, तेव्हा सामाईक भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाची संमती आधी घेतलेली बरी. गणेशोत्सवातील ढोलताशे आणि दिवाळीतील फटाके लालबाग-परळच्या रहिवाशांना सवयीचे असले तरी लाव्याला ते सहन होत नाहीत. त्या दिवसांत पिंजरा घरात आतल्या बाजूस घेऊन तीन बाजूंनी जाड चादरीने झाकावा.

खाण्याच्या बाबतीत लावा धान्यावर जगतो हा समज अर्धवट आहे. बाजरी, राळे, तांदळाची कणी हे त्याला आवडते खरे, परंतु त्याला प्रथिने कोंबडीपेक्षा अधिक लागतात: पिलांना पहिले काही आठवडे सुमारे चोवीस ते सत्तावीस टक्के आणि मोठ्या पक्ष्यांना वीस टक्के. म्हणून कोंबड्यांच्या पिलांसाठी मिळणारे स्टार्टर खाद्य बारीक दळून द्यावे, त्याला उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्याची जोड द्यावी आणि अंड्यावर आलेल्या माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत सदैव ठेवावा. मादी साधारण सहा-सात आठवड्यांतच अंड्यावर येते आणि पुरेसा उजेड मिळाला तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. उजेड हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे, कारण अंडे घालण्याचा संकेत तिच्या शरीराला मिळतो तो दिवसाच्या लांबीवरून. चौदा ते सोळा तास प्रकाश तिला लागतो, आणि मुंबईत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा तर डिसेंबरात अकरा तासांचाच असतो. हिवाळ्यात अंडी थांबली तर तो आजार समजू नये; वाटल्यास संध्याकाळी एक मंद दिवा लावावा, न लावल्यास मादीला तेवढीच विश्रांती मिळते.

आता उबवणीकडे वळू. पिढ्यान्‌पिढ्या यंत्रात उबविली गेल्यामुळे जपानी लाव्याची मादी अंड्यांवर बसण्याची उपजत वृत्ती जवळजवळ हरवून बसली आहे. ती अंडे जेथे घालते तेथेच टाकून निघून जाते. म्हणून उबवणी यंत्राखेरीज गत्यंतर नाही. अंड्याचे वजन सुमारे दहा ग्रॅम असते आणि त्यावरील काळपट-तपकिरी ठिपक्यांची नक्षी प्रत्येक मादीची स्वतंत्र व कायम असते, इतकी की थोड्या सरावाने कोणते अंडे कोणाचे ते पाहताक्षणी सांगता येते. पुस्तकांत अंडी आठवडाभर साठवून मग एकदम यंत्रात ठेवण्यास सांगितलेले असते; परंतु हा सल्ला थंड मुलखातला आहे. अंड्यातील गर्भाची वाढ वीस-बावीस अंशांच्या वर थोडीथोडी सुरू होते, आणि मुंबईच्या खोलीतील हवा वर्षाचे बहुतेक दिवस त्याहून उष्ण असते; परिणामी बाहेर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट जागा होतो आणि क्षीण होऊन मरतो. शीतकपाटाची थंडी त्याला तितकीच मारक. यावर उपाय असा की अंडी घरातील सर्वांत गार कोपऱ्यात, निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि तीन-चार दिवसांहून अधिक न थांबता यंत्रात घालावीत.

पंखा असलेल्या यंत्रात उष्णतामान साडेसदतीस अंशांच्या किंचित वर ठेवावे. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब व थर्मोस्टॅट बसवून घरी केलेल्या, पंखा नसलेल्या यंत्रात हवा स्थिर असल्यामुळे अंड्यांच्या वरच्या पातळीवर ते अंशभर अधिक असावे लागते. दिवसातून तीन ते पाच वेळा अंडी हलक्या हाताने फिरवावीत, नाहीतर गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटतो. पंधराव्या दिवसापासून फिरवणे बंद करावे, कारण पिलू तेव्हा बाहेर येण्याच्या स्थितीत वळू लागलेले असते. दमटपणाचा प्रश्न मुंबईत उलटा आहे. उबवणीच्या काळात अंड्यातील पाणी उडून त्याचे वजन बारातेरा टक्क्यांनी घटावे लागते, मगच रुंद टोकाशी पिलाच्या पहिल्या श्वासापुरती हवेची पोकळी तयार होते. जुलैत जेव्हा बाहेरची हवाच ऐंशी टक्क्यांहून अधिक दमट असते, तेव्हा यंत्रातल्या पाण्याच्या भांड्याला बहुधा रजा द्यावी लागते आणि शेवटच्या तीन दिवसांतच ते पुन्हा आत ठेवावे लागते. हिवाळ्यात मात्र ते प्रारंभापासून हवे. दमटपणा मोजणारे एक साधे उपकरण यंत्रात ठेवले म्हणजे अंदाजावर विसंबावे लागत नाही.

सोळाव्या-सतराव्या दिवशी यंत्राला कान लावला तर आतून बारीक टकटक ऐकू येते. ही टकटक व्यर्थ नसते. १९६० च्या दशकात केंब्रिज येथे मार्गारेट व्हिन्स या संशोधिकेने दाखवून दिले की, परस्परांना लागून ठेवलेल्या अंड्यांतील पिले या आवाजाने एकमेकांस आपल्या प्रगतीची वार्ता देतात, मागे पडलेली पिले त्यामुळे त्वरा करतात आणि सगळी अंडी थोड्या तासांच्या अंतराने फुटतात. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला ही व्यवस्था अत्यंत उपयोगी, कारण जन्मताच चालू लागणाऱ्या पिलांना घेऊन मादीला त्या धोक्याच्या जागेवरून एकाच वेळी निघून जाता येते. पाळणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध एवढाच, की अंडी एकमेकांना चिकटून राहतील अशी ठेवावीत आणि पहिले पिलू बाहेर आले म्हणून घाईने झाकण उघडू नये. झाकण उघडताच ओलसर हवा निघून जाते, उरलेल्या अंड्यांतील पापुद्रे वाळतात आणि आतील पिलू जागीच जखडते. पिलाच्या पोटात बलकाचा साठा असतो. चोवीस तास त्याला दाणापाणी नसले तरी चालते.

पिसे सुकलेली पिले मग कृत्रिम दाईखाली, म्हणजे दिव्याची ऊब असलेल्या खोक्यात, न्यावीत. सहा-सात ग्रॅमच्या या जिवांना पहिल्या आठवड्यात पस्तीस-छत्तीस अंशांची ऊब लागते आणि पुढे ती आठवड्यागणिक तीन अंशांनी उतरवीत न्यावी. ऊब बरोबर आहे की नाही हे पिलेच सांगतात: दिव्याखाली गर्दी केली तर ती कमी आहे, भिंतीला पाठ लावून धापा टाकू लागली तर जास्त. येथेही पायाखालच्या जमिनीचाच प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. खोक्यात वर्तमानपत्र अंथरण्याची पद्धत सोयीची असली तरी गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय दोन्ही बाजूंस फाकतात आणि ते अपंगत्व जन्मभर राहते. त्याऐवजी खरखरीत गोणपाट अंथरावे. पाण्याच्या वाटीत गोट्या किंवा खडे भरावेत, कारण उथळ पाण्यातही ही पिले बुडून मरतात. तिसऱ्या आठवड्यात नरांच्या छातीवर तांबूस रंग चढतो, माद्यांची छाती ठिपकेदार राहते आणि नर-मादी ओळखता येऊ लागतात.

खरी कसोटी येथून पुढे आहे. समजा, बारा अंडी ठेवली आणि त्यांतून आठ पिले जगली; त्यांत निम्मे नर निघणार हे गृहीतच धरावे. चार माद्यांसाठी एक नर पुरतो, आणि दोन नर एका पिंजऱ्यात ठेवले तर ते एकमेकांचे डोके चोचीने सोलून काढतात. मग उरलेले तीन नर कोठे जाणार? क्वचित कोणी धर्मबुद्धीने त्यांना आरेच्या गवतात किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला सोडून देण्याचे सुचवितो. जन्मभर वाटीतला दाणा टिपणारा पक्षी तेथे चार दिवसही टिकत नाही. आणि टिकलाच तर रानातल्या मोठ्या लाव्याशी त्याचा संकर होऊन त्या जातीची शुद्धता बिघडते, जसे युरोपात सोडलेल्या जपानी लाव्यांमुळे घडलेले आहे. अशा मुक्ततेत पुण्याचा अंशही नाही. आजारी पक्ष्याची गोष्ट वेगळी. त्यासाठी परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, त्याच्या शेजारीच १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि एकाएकी अनेक पक्षी मरू लागले तर तेथे कळविणे हे नागरिकाचे कर्तव्यही आहे, कारण २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूने प्रथम डोके वर काढले तेव्हापासून अशा मृत्यूंकडे काणाडोळा करण्याची मुभा कोणालाच उरलेली नाही. निरोगी पण नकोशा नरांसाठी मात्र शहरात कोणतेही दवाखाने नाहीत.

म्हणून उबवणीचा हिशेब अंड्यांपासून सुरू न करता जागेपासून सुरू करावा. घरात पक्ष्यांसाठी किती चौरस फूट देता येतील हे आधी ठरवावे, त्याला दीडने भागावे, जो आकडा येईल त्यातून सध्याचे पक्षी वजा करावेत आणि उरेल तेवढ्याच पिलांपुरती अंडी यंत्रात ठेवावीत. नरांची सोय करण्याचे आश्वासन एखाद्या परिचिताने दिले असेल तर ते त्याच्याकडून अगोदर पक्के करून घ्यावे. वजाबाकीचे उत्तर शून्य आले, तर ती अंडी उकडून खावीत. ती कोंबडीच्या अंड्यांइतकीच रुचकर लागतात, आणि जिवाला जन्म देऊन त्याला जागा नाकारण्यापेक्षा हा व्यवहार पुष्कळच सरळ आहे.